रजा कसली, जखम आहे ती!

दिवाळीच्या आगेमागे दर वर्षी 21 ऑक्टोबर येतो. 1959 साली या दिवशी लडाखात हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी गोळीबारात आपले दहा पोलीस जवान पडले, म्हणून तो पोलीस हुतात्मा दिन. त्या दिवशी नावे वाचली जातात, बिगुल वाजतो. ते योग्यच आहे. माझे भांडण निराळे आहे. जो मेला त्याचे नाव आपण वाचतो. जो नुसताच मोडला, त्याचे काय?

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली आणि प्राण दिले. त्यांचे नाव शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. पण तेथेच संजय गोविलकर हे अधिकारी जखमी झाले, हे किती घरांत सांगता येईल? मरणाला आपल्याकडे मान आहे. जखमेला मात्र अर्ज करावा लागतो.

त्या अर्जाचे नाव ‘विशेष विकलांगता रजा’. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 यांनी ती दिली. मुदत फार तर चोवीस महिने. पूर्ण पगार पहिले चारेक महिने, पुढे अर्धा. आता मला सांगा, ही रजा कसली? माणूस रजा घेऊन बहिणीच्या लग्नाला जातो, जोतिबाला जातो. डोक्यात दगड बसला म्हणून कोणी रजेवर जात नाही. आणि पाचव्या महिन्यात मोडलेले हाड निम्मेच दुखते काय? दूधवाला अर्धे बिल घेतो काय?

आमच्या उचगावापासून शिरोलीच्या फाउंड्र्या दूर नाहीत. तेथे राज्य कामगार विम्यातल्या कामगाराचा हात कामावर भाजला, तर तो बरा होईपर्यंत पगाराचे सुमारे नव्वद टक्के मिळतात. मिळोत, ते त्याच्या हक्काचेच आहेत! मग तावडे हॉटेलच्या चौकात गांधीनगरच्या बाजाराची गर्दी आवरताना ट्रकखाली पाय सापडलेल्या शिपायाने काय पाप केले? सातव्या केंद्रीय वेतन आयोगाने 2015 साली केंद्रीय सशस्त्र दलांतल्या साध्या जवानांसाठी कालमर्यादेवाचून पूर्ण पगाराची शिफारस केली. गोळी काय दिल्लीची आणि कोल्हापूरची वेगळी असते?

गंमत पुढेच आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा सांगतो की नोकरीत अपंगत्व आलेल्याला काढू नये; जमेल त्या जागी त्याच वेतनश्रेणीत ठेवावे. म्हणजे कायमचा अधू झाला तर पगार शाबूत, बरा होऊ पाहतो तर निम्मा!

कोणी म्हणेल, लोक सोंगे करतील. सोंग ओळखायला वैद्यकीय मंडळ आहे. एका सोंगाड्याच्या भीतीने नऊ खऱ्या जखमींना उपाशी ठेवणे ही काटकसर नव्हे, कंजूषपणा आहे.

पोलिसाने हे स्वतः मागावे, तर 1966 च्या कायद्याने त्याला परवानगीवाचून संघटना करता येत नाही की वर्तमानपत्राशी बोलता येत नाही. म्हणून हे तुम्ही-आम्ही बोलले पाहिजे. आपण फराळाला बसतो तेव्हा तो बंदोबस्तावर उभा असतो. तो जखमी झाला तर हजेरीपटावर त्याच्या नावापुढचा ‘रजा’ हा शब्द खोडा आणि बरा होईपर्यंत लिहा, ‘कामावर’. पगार त्या शब्दामागून पुरा येऊ द्या.