कोंबडीचे खाद्य आणि कायद्याची पळवाट

वसईच्या होळी बाजारात कोंबडी घेणारे गिऱ्हाईक भाव विचारते, वजन बघते आणि घरी जाते. त्या कोंबडीने काय खाल्ले, हे कोणी विचारत नाही. विचारले तरी दुकानदाराला सांगता येणार नाही, कारण पुष्कळदा ती वाढवणाऱ्या शेतकऱ्यालाही ते ठाऊक नसते. ते सांगण्याचे बंधनच कोणावर नाही. जनुकीय बदल केलेल्या, म्हणजे जीएम खाद्याचा वाद आपल्याकडे नेमका इथून सुरू व्हायला हवा.

२०२१ च्या उन्हाळ्यात सोयापेंडीचे भाव कडाडले. पोल्ट्री उद्योगाने आयातीची मागणी लावून धरली. २४ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने अधिसूचना काढून १२ लाख टन जीएम सोयापेंड आणायला परवानगी दिली. त्यासाठी न्हावा शेवा बंदर आणि बांगलादेश सीमेवरचे पेट्रापोल अशी दोन दारे उघडली. पर्यावरण मंत्रालयाचे म्हणणे असे की, तेल काढून भरडलेल्या पेंडीत सजीव काही उरत नाही, सबब हरकत नाही. मुदत आधी ३१ ऑक्टोबरपर्यंत होती, ती पुढे वाढवली गेली. त्याच सुमारास मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्याचे सोयाबीन बाजारात यायचे होते. दहा हजारांच्या घरात गेलेला क्विंटलचा भाव हंगाम येईपर्यंत निम्म्यावर घसरला. आयात हे त्याचे एकमेव कारण नसेल, पण सरकारने कोणाची हाक आधी ऐकली हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आता मूळ शंका. असे खाद्य खाऊन कोंबडीचे आतडे बिघडते काय? येथे भावनेपेक्षा पुरावा पाहिला पाहिजे. पिकात घातलेले जनुक हेही डीएनएच आहे, आणि कोंबडी रोज खाते त्या प्रत्येक दाण्यात डीएनए असतो. जठरातले आम्ल आणि पाचक रस त्याचे तुकडे करतात. बीटी प्रथिन बोंडअळीला मारते ते तिच्या आतड्यातल्या ठराविक जागी चिकटून. कोंबडीच्या आतड्यात तशी जागा नसते. अमेरिकेत १९९६ पासून जीएम पिके खाद्यात आली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१४ मध्ये त्याआधीची आणि नंतरची शंभर अब्जांहून अधिक जनावरांची आकडेवारी ताडून पाहिली. त्यात बहुतांश कोंबड्याच होत्या. आरोग्य बिघडल्याची खूण त्यांना आढळली नाही. तेव्हा जीएम म्हणजे विष, ही आरोळी ठोकणे हा लोकांना घाबरवण्याचाच प्रकार होय.

परंतु जनुक निर्दोष म्हणून पोते निर्दोष, असे ठरत नाही. अमेरिका, ब्राझील, अर्जेंटिनातले बहुतेक जीएम सोयाबीन तणनाशक सोसेल असे बनवलेले आहे, म्हणून त्यावर ग्लायफोसेट फवारले जाते. हे रसायन वनस्पतींतल्या ज्या प्रक्रियेवर घाव घालते, ती अनेक जिवाणूंतही असते. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रयोगशाळेत पाहिले, तर कोंबडीच्या आतड्यातले काही उपयुक्त जिवाणू या रसायनाने मरत होते आणि साल्मोनेलासारखे रोगजंतू तगून राहत होते. काचेच्या नळीतला हा निष्कर्ष जिवंत कोंबडीला तसाच लागू होत नाही, पण पेंडीतला अंश मोजण्यासाठी एवढे कारण पुरेसे आहे. मक्यातली बुरशी आणि प्रतिजैविकांचा मारा हे तर आतड्याचे जुने शत्रू. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०१४ मध्ये कोंबडीचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचा अंश निघाला. माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेले कोलिस्टिन जनावरांना देण्यावर बंदी यायला २०१९ साल उजाडले.

मग कायदा काय करतो? अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ चे कलम २२ जीएम अन्नावर निर्बंध घालते. परंतु त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये 'अन्न' या शब्दाची व्याख्या वाचा. तीतून पशुखाद्य वगळलेले आहे! पाकीटबंद जीएम अन्नावर 'जीएम' ही अक्षरे छापण्याचा नियम १ जानेवारी २०१३ पासून आला, तोही अन्नापुरता. १९८९ चे पर्यावरण नियम जीएम जीव-पेशींच्या आयातीला परवानगीची अट घालतात, तर पेंड सजीव नाही म्हणून तिथूनही सुटका. एका दाराने 'हे अन्न नव्हे' म्हणून आणि दुसऱ्या दाराने 'हे सजीव नव्हे' म्हणून माल आत येतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूरच्या वेहळोलीत आणि पाठोपाठ वसई-विरारमध्ये बर्ड फ्लू सापडला, तेव्हा शासनयंत्रणा तातडीने धावली, कारण साथीच्या रोगासाठी २००९ चा कायदा हाताशी होता. खाद्याच्या पोत्यासाठी कोणी धावत नाही.

याची झळ कोणाला? कराराने कोंबड्या वाढवणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला पिल्ले, खाद्य, औषध सारे कंपनी देते. त्याच्या हाती पडते ती फक्त वाढवणुकीची मजुरी. खाद्य त्याने विकत घेतलेलेच नसते, त्यामुळे ग्राहक म्हणून दाद मागणेही अवघड. पक्षी मेले की दोष त्याच्या निगराणीचा! आणि अंडे व ब्रॉयलर हाच ज्यांना परवडणारा सकस आहार, त्या कष्टकरी कुटुंबांना तर निवडीला वावच नाही. ज्याच्या खिशात पैसा आहे तो गावठी कोंबडी शोधेल, बाकीच्यांनी काय करायचे?

युरोपीय संघात जीएम खाद्याला आधी परवानगी लागते, आणि ०.९ टक्क्यांहून अधिक अंश असेल तर तसे लेबल लावावे लागते. मांस-अंड्यांवर लेबलची सक्ती तिथेही नाही, पण पोते बोलते. आपल्याकडे एवढे तरी व्हावे. पशुखाद्यासाठी स्वतंत्र कायदा करावा, पोत्यावर घटक व जीएमचा उल्लेख सक्तीचा करावा, बंदरातच तणनाशक आणि बुरशीच्या विषाची तपासणी करून अहवाल जाहीर करावेत, करार-शेतकऱ्याला खाद्याचा नमुना राखून ठेवण्याचा हक्क द्यावा. २३ जुलै २०२४ रोजी जीएम मोहरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मत दुभंगले, तरी राष्ट्रीय धोरण हवे यावर दोघांचे एकमत झाले. अमेरिकेने २०२५ च्या व्यापार वाटाघाटीत जीएम मका-सोयासाठी दबाव आणला. अशा वेळी धोरण आधी ठरले पाहिजे, जहाज नंतर यावे. लोकांचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे संविधानाचे कलम ४७ सांगते. ते कर्तव्य कोंबडीच्या खुराड्याच्या दाराशी संपत नाही.