भंगारात जाण्यापूर्वी

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शाळेसमोरून मधल्या सुट्टीत किती गाड्या जातात, हे तुम्ही कधी मोजले आहे का? एकदा मोजून पाहा. त्यांतील बहुतेक गाड्यांची नावे तुम्ही दुरूनच सांगाल. काही मुले तर नुसता आवाज ऐकून गाडी ओळखतात. पण आज मला तुमच्याशी ज्या गाड्यांविषयी बोलायचे आहे, त्या रस्त्यावर दिसत नाहीत. एखाद्या गॅरेजच्या मागे, बाभळीच्या झाडाखाली, चाके काढलेल्या अवस्थेत त्या उभ्या असतात. त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. आपण पाहावे, असे मला वाटते. का, तेही सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझी स्कूटर बंद पडली. मी ती ढकलत जुन्या जालन्यातील एका गॅरेजमध्ये नेली. तेथील मिस्त्रींना सगळे 'उस्ताद' म्हणत. त्यांचे वय सत्तरीच्या पुढचे होते. स्कूटर दुरुस्त होईपर्यंत मी इकडेतिकडे पाहत होतो. भिंतीवर एक वाकडा लोखंडी दांडा टांगलेला होता.

"उस्ताद, हे काय आहे?" मी विचारले.

"हँडल आहे, सर. जुन्या जीपचं. बॅटरी उतरली की हे समोरून घालायचं आणि जोरात फिरवायचं. गाडी सुरू!" ते म्हणाले. मग त्यांनी दांडा हातात घेऊन मला दाखवले. "धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. पलीकडून घालायचा नाही. इंजिनानं उलटा झटका दिला, तर हाड मोडतं."

मी हँडल हातात घेतले. माझा अंगठा नेमका चुकीच्या बाजूला गेला. उस्ताद हसले. मीही हसलो. पण मनात विचार आला, की ही एवढीशी गोष्ट मी कोणत्या पुस्तकात वाचली असती?

गॅरेजच्या मागे एक जुनी फियाट उभी होती. तिचा गिअरचा दांडा खाली नव्हता. तो स्टिअरिंगच्या शेजारी होता. पुढचे आसन अखंड बाकासारखे होते. दांडा मध्ये नसल्यामुळे पुढे तिघांना बसता येई. दाराच्या मोठ्या काचेला लागून एक छोटी त्रिकोणी काच होती. ती फिरवली, की वाऱ्याचा झोत थेट तोंडावर येई. त्या काळी अशा गाड्यांत थंड हवेचे यंत्र नसे आणि मराठवाड्याचा उन्हाळा तर तुम्ही जाणताच! डॅशबोर्डखाली 'चोक'ची मूठ होती. थंडीच्या दिवसांत ती ओढल्याशिवाय इंजिन सुरू होत नसे.

मित्रांनो, आजच्या मोटारींत यांपैकी काहीच नसते. त्यामुळे या गोष्टी आपल्याला गमतीच्या वाटतात. पण जरा विचार करा. हँडल का होते? बॅटरीचा भरवसा नव्हता म्हणून. पुढे लांब बाक का होते? गाडी एक आणि माणसे अनेक, म्हणून. त्रिकोणी काच का होती? उकाडा होता म्हणून. गाडीतील प्रत्येक वस्तू हे कोणाच्या तरी अडचणीचे उत्तर असते. ती वस्तू समजली, की त्या काळातील माणसांची अडचण समजते. इतिहास फक्त किल्ल्यांत आणि ताम्रपटांत नसतो. तो अशा जुन्या फियाटमध्येही असतो.

ही फियाट कोठे तयार झाली, हेही ऐका. सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात ही गाडी तयार होत असे. पुढे तिला 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती घराघरांत माहीत झाली. मुंबईत टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. ती पूर्ण झाल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथील शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. तेव्हा वर्तमानपत्रांनी तिची छायाचित्रे छापली. पद्मिनी नशीबवान म्हटली पाहिजे. सगळ्याच गाड्यांना असा निरोप मिळत नाही.

'मीरा' या गाडीचे नाव तुम्ही ऐकले आहे का? मीही बरीच वर्षे ऐकले नव्हते. कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी हे गाव हातमाग आणि यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे शंकरराव कुलकर्णी नावाचे एक कल्पक गृहस्थ होते. सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी मोटार आपण तयार करावी, असे त्यांनी ठरवले. १९४९ साली त्यांनी पहिला नमुना तयार केला. त्यात दोन माणसे बसू शकत. पुढे जवळजवळ पंचवीस वर्षे ते नवनवे नमुने तयार करत राहिले. या गाडीचे इंजिन मागे होते. धक्के सोसण्यासाठी त्यांनी रबराचा उपयोग केला. त्यामुळे सुटे भाग कमी लागत आणि गाडी हलकी होई. ती सुमारे बारा हजार रुपयांत विकता येईल, असा त्यांचा अंदाज होता. पण मीरा कारखान्यात मोठ्या संख्येने कधीच तयार झाली नाही. नमुने झाले, कौतुक झाले आणि लोक विसरून गेले.

आता एक गंमत पाहा. १९५९ साली इंग्लंडमध्ये 'मिनी' नावाची छोटी मोटार आली. तिच्यातही धक्के सोसण्यासाठी रबर वापरले होते. ती मोटार जगभर गाजली. २००८ साली टाटांनी 'नॅनो' लोकांपुढे आणली. तिचे इंजिन मागे होते. वजन आणि खर्च वाचावा म्हणून तिचे प्रत्येक चाक तीनच नटांवर बसवले होते. त्या वेळी काही लोकांना इचलकरंजीच्या मीराची आठवण झाली. म्हणजे मीरामागचा विचार चुकीचा नव्हता. मागे पडले ते कारखाना आणि भांडवल. ज्याला यश मिळाले नाही, त्याची बुद्धी कमी होती, असे आपण फार लवकर ठरवतो. मीराची हकिकत आपल्याला तसे न करण्यास शिकवते.

आता पुन्हा उस्तादांच्या गॅरेजकडे वळू. फियाटच्या शेजारी तीन चाकांचा एक जुना टेम्पो होता. आज आपण कोणत्याही लहान मालगाडीला 'टेम्पो' म्हणतो. मला वाटे, हा साधा मराठी शब्द असावा. खरे पाहता ते जर्मनीतील एका कंपनीच्या गाडीचे नाव आहे. त्या कंपनीच्या सहकार्याने १९५८ साली मुंबईतील गोरेगाव येथे बजाज टेम्पो कंपनीने या तीनचाकी गाड्या बनवण्यास सुरुवात केली. गाडी इतकी चालली, की तिचे नाव सगळ्यांचेच नाव झाले. या टेम्पोचे इंजिन पुढच्या एकट्या चाकापाशी असे आणि तेच चाक ते फिरवी. मागची दोन चाके फक्त भार वाहत. "चढावर मागे जास्त माल भरला, तर पुढचं चाक जागीच फिरायचं," उस्ताद सांगत होते. "मग आम्ही दोन पोरं पुढे बसवायचो. वजनाला!"

हे ऐकून मी ठरवले, की वर्गातील मुलांना घेऊन येथे यायचे. उस्तादांनी आनंदाने होकार दिला. पण सहामाही परीक्षा आली. मग दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टीनंतर आम्ही गेलो, तेव्हा टेम्पोच्या जागी फक्त तेलाचा काळा डाग होता. जागा रिकामी करायची होती, म्हणून टेम्पो भंगारात गेला होता. उस्तादांनी मुलांना निराश केले नाही. त्यांनी खडू घेतला आणि फरशीवर टेम्पो काढून दाखवला. इंजिन कोठे होते, पेट्रोलमध्ये तेल का मिसळावे लागे, हे सर्व त्यांनी समजावले. मुले खूश झाली. मी मात्र मनातून स्वतःवर रागावलो. मी एक छायाचित्रसुद्धा काढले नव्हते.

भंगार कोठे जाते, हे जालन्याच्या मुलांना सांगायला नको. आपल्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळया तयार करणारे अनेक कारखाने आहेत. त्यांच्या भट्ट्यांत भंगार वितळते आणि त्यातून नव्या सळया तयार होतात. तुमच्या घराच्या छतात एखाद्या जुन्या टेम्पोचे लोखंड असेलही! यात वाईट काहीच नाही. लोखंड पुन्हा उपयोगी पडते, ही चांगलीच गोष्ट आहे.

येथे कोणी म्हणेल, "सर, जुन्या गाड्या धूर सोडतात. त्यांचे ब्रेक चांगले नसतात. त्यांत पट्टेही नसतात. त्या गेल्या तर बरेच झाले." हे म्हणणे खरे आहे. सगळ्या जुन्या गाड्या रस्त्यावर राहाव्यात, असे मी मुळीच म्हणत नाही. २०२१ साली केंद्र सरकारने जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले. त्यामागे स्वच्छ हवेचा आणि सुरक्षिततेचा विचार आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की गाडी भट्टीत जावी, पण तिची माहिती भट्टीत जाऊ नये.

त्याच वर्षी सरकारने आणखी एक नियम केला. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांची वेगळी नोंदणी करण्याची सोय झाली. हा नियम चांगला आहे. पण तो दुचाकी आणि चारचाकी गाड्यांसाठी आहे. शिवाय नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये ठेवले गेले. हौशी आणि श्रीमंत माणसाला हे जमेल. तीन चाकांच्या मालवाहू टेम्पोला मात्र त्यात जागा नाही.

हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात १९१२ सालची एक पिवळी रोल्स-रॉइस मोटार ठेवलेली आहे. ती निजामासाठी तयार केली होती. तिच्यात सिंहासनासारखे आसन आहे. १९४८ पर्यंत जालना निजामाच्याच राज्यात होते. म्हणून ती मोटार एका अर्थाने आपल्याही इतिहासातील आहे. हैदराबादला गेलात, तर जरूर पाहा. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. ती मोटार फारशी धावलीच नाही. जी धावली नाही, ती जपली गेली. ज्या टेम्पोने आयुष्यभर लोकांचा कापूस, किराणा आणि लग्नाचे सामान वाहिले, तो मात्र कोणी जपला नाही. राजाची गाडी जपावी, यात शंका नाही. पण कष्ट करणाऱ्याच्या गाडीची निदान आठवण तरी राहावी की नाही?

हे काम कोण करणार? मोठी संग्रहालये जेव्हा करतील तेव्हा करोत. तुम्ही आजपासून करू शकता. त्यासाठी पैसे लागत नाहीत. एक वही आणि पेन्सिल पुरे. जमले, तर घरच्या मोबाइलवर छायाचित्र काढा. तुमच्या मोहल्ल्यातील गॅरेजमध्ये जा. काम चालू असताना मिस्त्रींना त्रास देऊ नका. त्यांना सवड मिळाली, की अदबीने विचारा. ही गाडी कोणती? ती कोठे तयार झाली? आजच्या गाडीत नाही असे तिच्यात काय आहे? ते कशासाठी होते? ती कोण चालवत असे आणि तिच्यातून काय नेत असे? मिळालेली उत्तरे लिहून ठेवा.

भाषेची अडचण येईल असे समजू नका. गॅरेजची भाषा तुमच्या ओळखीचीच आहे. उस्ताद, कारागीर, पुर्जा, दुरुस्ती, कारखाना हे शब्द उर्दूतही आहेत आणि मराठीतही आहेत. प्रथम तुम्हांला सोपे वाटेल त्या भाषेत लिहा. मग दुसऱ्या भाषेत लिहा. तुमची वही दोन्ही भाषांच्या घरांत वाचली जाईल.

आपल्याकडे म्हणतात, "जालना, सोन्याचा पाळणा." हे सोने केवळ पेढ्यांत आणि बाजारात नसते. ते उस्तादांसारख्या माणसांच्या हातांत आणि स्मरणात असते. भंगारात गेलेले लोखंड सळई होऊन परत येते. विसरलेली माहिती परत येत नाही.

आमचा टेम्पो गेला, पण फियाट अजून तेथे उभी होती. त्या दिवशी मुलांनी तिच्याभोवती बसून तिचे चित्र काढले, मोजमापे घेतली आणि उस्तादांचे बोलणे लिहून घेतले. त्या वहीच्या पहिल्या पानावर एका मुलाने हँडल धरलेला हात काढला आहे. त्यातील अंगठा बरोबर बोटांच्या बाजूला आहे.