मोटार कुणी जाळली?

दिवाळीत गावी गेलो होतो. गाव म्हणजे लिंबागणेश, बीड तालुका. पहिल्याच सकाळी ब्रेकिंग न्यूज : विहिरीवरची मोटार जळाली! काकांचा पहिला सवाल, "रात्री ऑटो कुणी चालू ठेवला रे?" चुलतभाऊ गप्प. मीही गप्प.

मग वायंडिंगवाला आला. त्यानं नाव कुणाचंच विचारलं नाही. "लाइट कधी आली? फेज तिन्ही होते का? एखादा गेला तर मोटार बंद पडायला काही बसवलंय?" नव्हतं बसवलं. चालू मोटारीचा एक फेज गेला, ती दोनवरच ओढत राहिली, तापली आणि जळाली. ऑटो कुणीही ठेवला असता तरी हेच झालं असतं! हे ऐकून चुलतभावाला कंठ फुटला, "परवा पण मोटार घुमत होती. पण बोललो असतो तर मलाच शिव्या बसल्या असत्या."

मला एकदम आमचं पुण्यातलं ऑफिस आठवलं. मी सॉफ्टवेअर टीमचा लीड. मागच्या वर्षी एका रिलीजनंतर साइट पाऊण तास डाऊन होती. मीटिंगमध्ये मी पहिलं काय विचारलं? "कोड कुणी टाकला?" टीममधल्या ज्युनिअर मुलीनं हळूच हात वर केला. दोन महिन्यांनी पुन्हा घोळ झाला. लॉगमधली गडबड तिला तासभर आधीच दिसली होती. ती बोलली नाही. आता कळतंय, तिला गप्प मीच केलं होतं.

२४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमध्ये सकाळी ११.४० ला ट्रेडिंग थांबलं, ते दुपारी ३.४५ ला सुरू झालं. एक्स्चेंजनं दिलेलं कारण : मुख्य आणि बॅकअप केंद्राला जोडणाऱ्या दोन टेलिकॉम कंपन्यांच्या लिंक्स बिघडल्या, मुख्यतः रस्त्यावरच्या खोदकामामुळे. 'कुणी?' विचाराल तर उत्तर सोपं, रस्ता खोदणाऱ्यानं! पण 'कसं?' विचारलं की खरे प्रश्न सुरू होतात. दोन्ही कंपन्यांच्या लिंक्स एकदमच कशा गेल्या? लिंक्स गेल्यावर स्टोरेज सिस्टिमनं आणि मग रिस्क मॅनेजमेंटनं का मान टाकली? प्रत्येक प्रश्नात एकेक दुरुस्ती दडलेली आहे.

सॉफ्टवेअरवाले याला 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' म्हणतात. फंडा सिम्पल आहे. काय काय घडलं ते वेळेसकट लिहा. त्या क्षणी माणसाला समोर काय दिसत होतं ते लिहा. कुठली सेफ्टी नव्हती ते शोधा. आणि प्रत्येक कामापुढे नाव अन् तारीख टाका. नाव हवंच, फक्त चूक करणाऱ्याचं नाही, दुरुस्ती करणाऱ्याचं!

सुट्टी संपल्यावर ऑफिसात आधी तिला सॉरी म्हटलं. मग विचारलं, "त्या दिवशी तुला काय दिसलं होतं?"

अर्धा तास ती बोलत होती. मी लिहून घेत होतो.