जहांगीर नावाचं पोर आणि आपला राग

एप्रिल 2024 मध्ये अभिनेते चिन्मय मांडलेकर यांनी जाहीर केलं, की यापुढे आपण पडद्यावर छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका करणार नाही. ‘फर्जंद’, ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’ या चित्रपटांत प्रेक्षकांनी त्यांना महाराजांच्या रूपात मनापासून स्वीकारलं होतं. मग बिनसलं कुठे? मुलाचं नाव जहांगीर. त्यावरून समाजमाध्यमांवर घरादाराचा उद्धार झाला, आणि 11 वर्षांचं पोरही त्यातून सुटलं नाही.

आक्षेप घेणाऱ्यांना त्या नावात फक्त मुघल बादशहा दिसला. तो 1627 मध्ये, महाराजांच्या जन्माआधीच वारला. मुंबईत मात्र हेच नाव काळा घोड्याच्या कलादालनावर आहे. जे. आर. डी. टाटांचं स्वतःचं नाव जहांगीर, होमी भाभांच्या वडिलांचंही तेच. इतकी माणसं सोडून नेमका बादशहाच त्या लेकराच्या माथी का मारायचा?

इतिहासाचाच दाखला हवा असेल, तर तो भोसल्यांच्या घरात आहे. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी व शरीफजी ठेवली, असं परमानंदांचं ‘शिवभारत’ सांगतं. 1660 मध्ये शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे चाकणचा किल्ला पन्नासहून अधिक दिवस झुंजवला, तो नावातच ‘फिरंगी’ असलेल्या फिरंगोजी नरसाळ्यांनी. पिराजी, फकीरराव, हैबतराव तर आजही गावोगाव भेटतात. त्यांच्या मराठीपणावर कुणी बोट ठेवत नाही, ठेवूही नये.

आईबापांनी नाव ठेवताना पुढचा विचार करू नये, असं मात्र नाही. नाव जन्मभर सलू शकतं.

सातारा जिल्ह्यात मुलाची वाट पाहताना झालेल्या लेकींना ‘नकोशी’, ‘नकुसा’ म्हणत. शाळेच्या हजेरीत रोज तेच ऐकायचं, लग्नपत्रिकेतही तेच छापायचं. 2011 मध्ये सरकारी पुढाकाराने तिथल्या 285 मुलींना नवी नावं मिळाली. त्या नावांत खरोखर अपमान होता, तोही जन्मदात्यांनीच केलेला, आणि आपण सगळे पिढ्यानपिढ्या गप्प बसलो होतो. संताप व्हायला हवा होता तो तिथे.

एखादं नाव पटत नसेल, तर आपल्या घरच्या बारशाला दुसरं निवडा. दुसऱ्याच्या लेकराला त्याच्या नावावरून एक शब्दही बोलू नका.