घर साताऱ्यात, किल्ली पुण्यात

दोस्तांनो,

या आठवड्यात साताऱ्याच्या एका दोस्ताचं पत्र आलंय. त्याची ताई पुण्याला शिकते. तिचं काम राहिलं घरच्या कॉम्प्युटरवर! मग पुण्यात बसून साताऱ्याचा कॉम्प्युटर चालवायची सोय दोघांनी केली. तो लिहितो, ‘ताईला मी बाबांचाच पासवर्ड दिला. आता धाकधूक वाटते. चुकलं का?’

चुकलं खरं. पण विचारलंस, हे फार छान केलंस!

लांबून कॉम्प्युटर उघडायची सोय करणं म्हणजे घराला आणखी एक दार पाडणं. त्या दारातून ताई येते, तसा चोरही येऊ शकतो. घराच्या दाराशी अनोळखी माणूस घुटमळला तर शेजारच्या काकू हटकतात. इथे हटकणार कोण?

भल्याभल्यांनाही हा धडा ठेच लागल्यावरच मिळाला. १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी चोरून पासवर्ड टिपले. तेव्हा लांबून कॉम्प्युटर वापरताना पासवर्ड पोस्टकार्डावरच्या मजकुरासारखा उघडाच जायचा. तिथल्याच तातू यलोनेन या संशोधकाने मग ‘एसएसएच’ ही पद्धत तयार केली. तिच्यात सगळा मजकूर सांकेतिक रूपात जातो. आजही ती जगभर वापरतात.

पण वाट कितीही सुरक्षित असली, तरी किल्लीच भलत्याच्या हाती पडली तर? ताईवर आपला विश्वास आहेच. पण तिने तो पासवर्ड वहीत लिहिला आणि वहीच हरवली तर? बाबांचं खातं बहुधा घरच्या कारभाऱ्याचं, म्हणजे ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’चं. त्या खात्याला सगळी कपाटं उघडता येतात! म्हणून ताईला तिचं स्वतंत्र, साधं खातं काढून द्या. मग तिची किल्ली हरवली, तरी बाबांचं कपाट सहसा बंदच राहील.

आता पासवर्ड कसा हवा? चार आकड्यांचा असेल तर ०००० ते ९९९९ मिळून फक्त १०,००० शक्यता. कॉम्प्युटर त्या चुटकीसरशी तपासतो. इंग्रजीतली आठ छोटी अक्षरं घेतली तर शक्यता २०,००० कोटींच्या वर जातात! म्हणजे लांबी महत्त्वाची. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा. मांजराचं नाव नको, जन्मतारीख नको. आणि एका दाराची किल्ली दुसऱ्या दाराला अजिबात नको.

शक्य असेल तिथे दुसरं कुलूपही लावा. म्हणजे पासवर्डनंतर मोबाइलवर येणारा आकडा. हा आकडा कुणालाही सांगायचा नाही हं! ‘मी कंपनीतून बोलतोय, तुमचा कॉम्प्युटर इथूनच दुरुस्त करतो,’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. आजीलाही हे समजावून सांगा. चोर गोड बोलून तिच्याच हातून दार उघडून घेतात.

आणि काम संपलं, की ते दार बंद करायला विसरू नका.

तर साताऱ्याच्या दोस्ता, आज रात्रीच बाबांना सगळं सांग आणि दोघं मिळून पासवर्ड बदला. बाबा रागावतील? रागावू देत थोडे. दार उघडं राहण्यापेक्षा ते बरं, नाही का?

भेटू पुढच्या आठवड्यात!