पिल्लांची टोचाटोची : दोष चोचीचा की पाळणाऱ्याचा?

मागाचा धंदा मंदावला की घरच्या घरी दुसरा जोडधंदा करावा, असा विचार आपले अनेक कारागीर बांधव करीत असतात. त्यात कोंबडीपालनाकडे ओढा अधिक. जागा थोडी लागते, घरातील स्त्रियांना व मुलांना देखरेख करता येते आणि माल विकण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. हा विचार चुकीचा नाही. परंतु पुष्कळांचा हा धंदा पहिल्या महिन्यातच बसतो आणि त्याचे खापर नशिबावर नाही तर पिल्ले देणाऱ्यावर फोडले जाते.

मालेगावच्या एका यंत्रमाग कामगार बांधवाचे उदाहरण आमच्या समोर आहे. त्यांनी मे महिन्यात 150 पिल्ले आणली. आठ दिवस सर्व ठीक होते. दहाव्या दिवशी सकाळी पाहतात तो पाच-सहा पिल्लांची बोटे रक्ताळलेली, दोघांची शेपटीमागची जागा फोडलेली. दोन दिवसांत 31 पिल्ले गेली. कोणी म्हणाले, जातच भांडखोर आहे. कोणी म्हणाले, सगळ्यांच्या चोची तापलेल्या सुरीने कापून टाका. ते सुरी तापवायलाच निघाले होते.

आमचे म्हणणे असे की, सुरी तापविण्यापूर्वी त्यांनी खोपा मोजायला हवा होता. तो 5 फूट बाय 6 फूट, म्हणजे 30 चौरस फूट होता. पिल्लू तीन-चार आठवड्यांचे होईपर्यंत त्याला साधारण अर्धा चौरस फूट जागा लागते. या हिशेबाने 75 चौरस फूट हवे होते. खाद्याचे भांडे 3 फूट लांबीचे एकच. दोन्ही बाजू धरल्या तरी दर पिल्लाच्या वाट्याला सव्वा सेंटीमीटरही येत नव्हता. लहान पिल्लाला निदान अडीच सेंटीमीटर लागतो. वर 200 वॉटचे दोन पांढरे दिवे रात्रंदिवस सुरू. बाहेर मालेगावचा मे महिना आणि आत ही भट्टी! अशा ठिकाणी माणसेही एकमेकांवर धावून जातील, मग पिल्लांना काय दोष द्यावा?

पिल्लू टोचते का?

टोचणे हा पिल्लाचा स्वभावच आहे. अल्लाहने त्याला हात दिलेले नाहीत. जग ओळखायचे ते चोचीनेच. आई कोंबडी जमिनीवर टोचून दाखविते आणि काय खावे ते शिकविते. ब्रूडरमध्ये आई नसते. मग भूक लागलेले, उष्म्याने कावलेले किंवा नुसते रिकामे असलेले पिल्लू समोर जे चमकेल ते टोचते. ते बहुधा शेजाऱ्याच्या पायाचे बोट असते. एकदा रक्त दिसले की लाल रंगाकडे सारी पिल्ले धावतात. म्हणून ही खोड एका तासात सबंध खोप्यात पसरते.

कारणे मोजकीच आहेत : गर्दी, अति उष्णता, डोळ्यांवर येणारा उजेड, खाद्य-पाण्याच्या भांड्यांची कमतरता, निकस खाद्य आणि लहान-मोठी पिल्ले एकत्र ठेवणे. नुसती कणी किंवा मका घालून पिल्ले वाढविणारे बांधव पैसे वाचवीत नाहीत, गमावतात. पिल्लांच्या खाद्यात 20 ते 22 टक्के प्रथिने हवीत. ती कमी पडली किंवा मीठ कमी पडले की पिल्ले पिसे उपटून खाऊ लागतात. मात्र मीठ आपल्या अंदाजाने पाण्यात ढकलू नये. जास्त मीठ पिल्लांना मारते. चांगले तयार स्टार्टर खाद्य घेणे हेच स्वस्त पडते.

काय करावे?

टोचाटोची दिसताच जखमी व मेलेली पिल्ले लगेच बाहेर काढावीत. हे काम संध्याकाळवर टाकू नये. जखमेवर जांभळे औषध लावावे, त्याने रक्ताचा रंग झाकला जातो. लाल औषध लावू नये, कारण ते लावणे म्हणजे इतरांना आमंत्रण देणे होय. ज्या पिल्लाच्या शेपटीमागे विष्ठा चिकटून वाळली असेल, ती कोमट पाण्याने पुसून घ्यावी. पुष्कळदा टोचणे तेथूनच सुरू होते.

नंतर ऊब पाहावी. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली सुमारे 95 अंश फॅरनहाइट (35 सेल्सिअस) ऊब ठेवावी आणि दर आठवड्याला 5 अंशांनी कमी करीत 70 पर्यंत आणावी. तापमापी नसेल तर पिल्लेच सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढली तर थंडी आहे. दूर कडेला चोच उघडून, पंख पसरून बसली तर उष्मा आहे. सगळीकडे सारखी विखुरली तर ठीक आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात दिवसा दिव्याच्या उबेची गरजच पडत नाही. याउलट आजकाल अनेक जण वीज वाचवायला ब्रूडरमध्ये एलईडी दिवे लावतात. ते उजेड देतात, पुरेशी ऊब देत नाहीत. पिल्ले गारठतात, एकाच जागी गर्दी करतात आणि पुन्हा तेच घडते.

पहिले दोन-तीन दिवस खाद्य-पाणी सापडण्यासाठी भरपूर उजेड हवा. त्यानंतर तो मंद करावा किंवा तांबडा दिवा लावावा. तांबड्या उजेडात रक्त नजरेत भरत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून मेथी, कोबी किंवा लसूणघासाची जुडी चोचीच्या उंचीवर टांगावी. पिल्लांना उद्योग मिळतो. रिकामपण माणसाला बिघडविते, तसेच पिल्लालाही.

आता चोच कापण्याविषयी. अंडी देणाऱ्या कोंबड्या वर्षभराहून अधिक काळ दाटीत ठेवायच्या असतात, म्हणून मोठे कारखाने कसबी माणसाकडून किंवा यंत्राने चोच छाटून घेतात. त्याविषयीही वाद आहेच. पण पाच-सहा आठवड्यांत विकायच्या मांसल पिल्लांची चोच घरी सुरीने कापण्यात कोणता फायदा आहे? चोच म्हणजे नख नव्हे, तिच्यात संवेदना असते. कापलेले पिल्लू दुखण्याने खात नाही, वजन घटते, रक्त गेले तर मरते. खोप्यातील गर्दी मात्र तशीच राहते.

आमच्या दीनमध्ये मुक्या प्राण्याविषयी जबाबदारी स्पष्ट आहे. मांजरीला उपाशी बांधून ठेवणारी स्त्री आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणारा माणूस यांचे प्रसंग आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाहीत? जनावराच्या तोंडावर डाग देण्यासही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली आहे. चोचीला तोच नियम लागू होतो की नाही हे उलेमांनी सांगावे. पण जे दुःख जागा वाढवून टळते, ते सुरीने देणे योग्य नाही, एवढे समजायला फतव्याची गरज नाही.

पिल्ले विकणाऱ्या बांधवांशीही दोन शब्द बोलायचे आहेत. शेकड्यामागे चार पिल्ले वर दिली की आपली जबाबदारी संपली असे समजू नका. वेगवेगळ्या दिवसांची, शिल्लक राहिलेली आणि टोचलेली पिल्ले एका खोक्यात घालून विकणे ही फसवणूक आहे. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढून दाखविणारे आपले प्रेषित (स.) होते, हे दुकानाच्या गल्ल्यावर बसताना आठवावे. घेणाऱ्याला विचारा : जागा किती, भांडी किती, दिवा कोणता? जागा 50 पिल्लांची असेल तर 150 देऊ नका. आजचा नफा कमी होईल, पण तोच माणूस सहा आठवड्यांनी पुन्हा तुमच्याच दारी येईल.

त्या मालेगावच्या बांधवाने शेवटी सुरी ठेवून दिली. खोपा वाढवून 80 चौरस फुटांचा केला, खाद्याचे दुसरे भांडे आणले, दिवसा दिवे बंद ठेवले आणि रात्रीसाठी एक तांबडा दिवा टांगला. तीन-चार दिवसांत टोचाटोची थांबली. उरलेली 119 पिल्ले बाजारापर्यंत जगली नसती, तर उसने आणलेले पैसे फिटले नसते.

धंद्यात बरकत अल्लाहच्या हातात आहे. फूटपट्टी मात्र आपल्या हातात आहे. पिल्ले आणण्याच्या आदल्या दिवशी ती वापरावी, एवढीच विनंती.