बत्तीस मणी

मंगळवारी सकाळी सात वाजता घरात तसबीह, म्हणजे जपाची माळ, तुटली. शाळेची रिक्षा साडेसातला येते. थोरल्याचा एक मोजा सापडत नव्हता, गॅसवर पोहे खाली लागत होते आणि तेवढ्यात धाकटीनं जानमाजवर बसलेल्या आजीच्या हातातली तसबीह ओढली. मणी टपटप उड्या मारत स्वयंपाकघरभर पळाले. माझा हात वर गेलाच होता. सासूबाई म्हणाल्या, "रहने दे गे. धागा टुट्या, हड्डी तो नइं टुटी ना!"

पोहे करपले ते करपलेच. पण रिक्षा येईपर्यंत आम्ही चौघं जमिनीवर रांगत होतो. गॅसच्या शेगडीखाली, पिठाच्या डब्यामागे, मोरीच्या जाळीवर. मोजाही तिथंच सापडला, फ्रिजखाली. मणी मात्र बत्तीसच निघाले. तेहतिसावा आजतागायत बेपत्ता आहे.

या तेहतीसच्या आकड्यामागे एक गोष्ट आहे. लहानपणी अम्मीनं सांगितलेली. पैगंबरसाहेबांची लेक, हजरत फातिमा. रोज जातं ओढून त्यांच्या हातांना घट्टे पडले होते. घरकामाला कुणी मदतनीस मिळेल का, हे विचारायला त्या वडिलांकडे गेल्या. भेट झाली नाही, निरोप ठेवून परतल्या. रात्री वडील स्वतः घरी आले, लेक-जावयाजवळ बसले आणि म्हणाले, मागितलंत त्याहून चांगलं सांगतो. झोपताना ३३ वेळा सुब्हानअल्लाह म्हणा, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि ३४ वेळा अल्लाहु अकबर.

खरं सांगते, थोरला तान्हा असताना मला ही गोष्ट आवडायची नाही. रात्री तीनदा उठायचं, सकाळी धुण्याचा ढीग. अशा वेळी वाटायचं, बाईनं मागितला माणूस आणि हाती आला जप! आपल्याकडच्या बायकांनीही जातं ओढताना ओव्याच गायल्या. दळण काही त्यानं कमी झालं नाही.

आता तीच गोष्ट आठवते तेव्हा माझं लक्ष दुसरीकडेच जातं. वडील रात्री आले. निरोप मिळाला म्हणून दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही, स्वतः येऊन बसले. दमलेल्या लेकीच्या दिवसाची कुणीतरी दखल घेतली. ओवीतही बाई कधी विठोबाला, कधी दूरच्या भावाला आपला दिवस सांगतेच की. मोजायला शिकणं नंतरचं, आधी कुणीतरी ऐकायला हवं.

तुटलेली तसबीह त्याच मंगळवारी संध्याकाळी ह्यांनी ओवली. ह्यांचं काम तानपुऱ्यांचं. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेढे वाटले. दूधवाल्याची उधारी तशीच राहिली. ह्यांच्याकडे जवारीचा दोरा असतो. तानपुऱ्याच्या घोडीवर, तारेखाली त्याचा इवलासा तुकडा सरकवतात. तार तीच, भोपळा तोच. पण दोरा नेमक्या जागी बसला की आवाज उघडतो आणि सगळं घर गुंजायला लागतं. एक केसभर सरकला, की पुन्हा ठणठणाट. त्याच रिळातला दोरा घेऊन ह्यांनी बत्तीस मणी ओवले आणि म्हणाले, "एक बाजारातून आणतो."

सासूबाईंनी नको म्हटलं. त्या रात्री इशाची नमाज झाल्यावर त्यांनी बत्तीस वेळा अल्हम्दुलिल्लाह म्हटलं आणि कुशीतल्या नातीला विचारलं, "अब तेत्तिसवा तू बोल. आज क्या अच्छा हुआ?"

धाकटी विचारात पडली. म्हणाली, "शाळेत खिचडी होती."

तेव्हापासून हा रोजचा रिवाज झालाय. एक दिवस तेहतिसावा मणी होता शेजारच्या काकूंची व्यालेली मांजर. एक दिवस पावसामुळे पीटीचा तास बुडाला तो. थोरला आता सातवीत, त्याला हे सगळं बाळबोध वाटतं. पण दाराशी रेंगाळतो. परवा हळूच म्हणाला, "माझं गणिताचं पान राहिलं होतं, सरांनी वह्याच बघितल्या नाहीत." सासूबाईंनी तेही मोजलं.

मी हे सगळं भांडी घासता घासता ऐकते. कुकरच्या तळाला डाळ चिकटलेली असते, सकाळसाठी कणीक मळायची असते, कंबर बोलत असते. यातलं काही कमी झालेलं नाही.

काल आतून हाक आली. "मम्मी, आज तुझी पाळी. लवकर सांग, आजीला झोप येतेय."

हात साबणानं भरलेले. घाईत काही सुचेना. मग म्हटलं, "आज पोहे करपले नाहीत."

"अल्हम्दुलिल्लाह," सासूबाई म्हणाल्या आणि दिवा मालवला.